साडेचारची अक्षरं

"याला भूत लागलंय," तो म्हणाला आणि सोलापुरी चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर त्यानं माझ्या टेबलावर अलगद ठेवला, तापानं फणफणलेलं पोर ठेवावं तसा.

मी वर पाहिलं. झडीत भिजलेले केस, चष्म्यावर थेंब, शर्टाच्या बाहीला खडूची पांढरी रेघ. मास्तर! आणि डोळे... जाऊ दे, डोळ्यांचं नंतर सांगते.

"दुरुस्त करणारे कुठे आहेत?" त्यानं माझ्या खांद्यावरून मागं डोकावत विचारलं.

"तुमच्यासमोर आहेत की."

"नाही, म्हणजे... मला वाटलं—"

"सगळ्यांनाच वाटतं. बसा."

हुबळीत लॅमिंग्टन रोडवर माझं दहा बाय बाराचं दुकान आहे. बाहेर 'वेदश्री कॉम्प्युटर्स' अशी ठळक पाटी, तरी येणारा प्रत्येक जण माझ्यामागं कुणी बाप्या उभा आहे का ते बघतो. सहा वर्षं हेच काम करतेय मी. माझं मत पक्कं आहे: कॉम्प्युटरची शंभरातली नव्वद भुतं वायर घट्ट बसवली की उतरतात. बाकीची, बंद करून पुन्हा चालू केला की. स्क्रीन काळी पडली? आतली रॅमची पट्टी काढा, तिची सोनेरी कड खोडरबरानं पुसा, परत बसवा. तारीख रोज मागं जाते? आतला बटणाएवढा सेल बदला. प्रिंटर एकच पान छापत सुटलाय? अडकलेली कामं रद्द करा. कसलं भूत नि कसलं काय!

"बोला, लक्षणं काय?"

"रोज दुपारी साडेचारला आपोआप जागा होतो. आणि..." त्यानं आवाज खाली आणला, "टाइप करतो."

"कोण?"

"तेच तर विचारायला आलोय!"

मला हसू आवरेना. तो मात्र हसला नाही. त्याचं नाव सुमंत, राहणार धारवाडच्या मळमड्डीत, तिथल्याच शाळेत गणित शिकवतो. हा कॉम्प्युटर त्याच्या अप्पांचा. अप्पा वकील होते. चार महिन्यांपूर्वी गेले. शेवटचं लिहीत होते ते पान आई रोज उघडून ठेवते. त्याच पानावर रोज अक्षरं उमटतात.

"हसा तुम्ही," तो म्हणाला, "पण आईच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. आता लांबवलं तर नजर जाईल, असं डॉक्टर म्हणाले. हुबळीत ऑपरेशन, मग दहा दिवस मावशीकडे राहायचं, एवढंच. पण ती साडेचारला घर सोडत नाही म्हणजे नाही! म्हणते, रोज विचारणा होते, उत्तर द्यायला नको?"

मग मीही हसायची थांबले.

दोन दिवस कॉम्प्युटर माझ्याकडे राहिला. धूळ झाडली, व्हायरस शोधला, साडेचारला समोर ठाण मांडून बसले. काही नाही! सुमंत दोन्ही दिवस शाळा सुटल्यावर चिगरी, म्हणजे धारवाड-हुबळीची जलद बस, पकडून हुबळीला आला.

"काही माणसं असतात अशी," मी म्हटलं. "परक्यापुढं गप्प, घरी बडबड."

"मी उलटा आहे," तो म्हणाला. "घरी गप्प असतो... आणि इथं आलो की..."

त्यानं वाक्य तिथंच सोडलं. आणि मी, एवढी तोंडाळ, स्क्रू मोजत बसले.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. कॉम्प्युटर मांडीवर घेऊन मी बसनं मळमड्डीला गेले. जोडघर होतं. अर्ध्यात हे मायलेक. भिंतीपलीकडं अप्पांचे जिवलग मित्र, गुरुराजअण्णा, एकटे. घरात दिवसाउजेडी दिवा लावावा लागेल असा अंधार, आणि इतकी शांतता की घड्याळाचा काटा ऐकू यावा. भिंतीला लागून टेबल. खुर्चीवर शाल, घडी न मोडलेली. आणि टेबलावर वाफाळत्या चहाच्या दोन कपबश्या.

"त्या खुर्चीत नको बसू हं," सुमंतची आई, वेणूबाई, म्हणाल्या. चष्म्यामागं एक डोळा दुधाळ झाला होता. "तू स्टुलावर बैस."

वायरी जोडल्या, ते पान उघडलं. काही वेळानं स्क्रीन झोपली. सव्वाचार... चार पंचवीस... सुमंत माझ्या शेजारी टॉर्च धरून उभा होता. गरज नव्हती, पण मीच धरायला लावला होता.

"हात थरथरतोय तुमचा," मी कुजबुजले. "भुताची भीती वाटते?"

"भुताची नाही," तो म्हणाला.

आणि स्क्रीन उजळली.

कुणीही हात लावला नव्हता. कीबोर्ड माझ्या डोळ्यांपुढं निपचित पडला होता. पानावर एकेक अक्षर उमटू लागलं, थांबत, चाचपडत, जसा म्हातारा जिना चढतो. लिपी इंग्रजी, भाषा कन्नड.

*चा आतेन?*

चहा झाला का?

"आतु, आतु!" वेणूबाई मोठ्यानं म्हणाल्या, भिंतीकडं तोंड करून. झाला, झाला.

माझ्या हातांवर सर्रकन काटा आला. खोटं कशाला बोलू? सहा वर्षांचं शहाणपण कुठल्या कुठं पळालं. मी म्हटलं, "काकू, हे रोज असं—"

माझं बोलणं संपायच्या आत पुन्हा अक्षरं आली.

*हुडुगी यार?*

मुलगी कोण?

टॉर्च खाली पडला. मी सुमंतचा हात कधी धरला, मला ठाऊक नाही. पण घट्ट धरला होता, आणि त्यानंही सोडवून घेतला नाही. आम्ही तसेच उभे. मेलेला माणूस माझी चौकशी करत होता!

मग मला स्वतःचाच राग आला. अगं बये, शंभरातली नव्वद! मी टेबलाखाली शिरले. एकेक वायर चाचपली. मागं नखाएवढा काळा रिसीव्हर खोचलेला होता. तो दुकानातही पाहिला होता, पण वायरलेस माऊसचा असणार म्हणून सोडून दिला होता. बाहेर आले, माऊस उलटा करून पाहिला आणि तशीच थबकले.

"हा जोडीचा माऊस आहे," मी सुमंतला म्हटलं. "याच्या जोडीचा कीबोर्ड कुठाय? हा वायरवाला तर नवा दिसतो."

"जुना तेराव्याला दिला. अप्पांची छत्री, काठी, चपला दान दिल्या ना, तेव्हा गुरुराजअण्णा म्हणाले, त्याच्या बोटांखालची वस्तू मला द्या. मग कीबोर्ड दिला."

"आणि माऊस?"

"आई म्हणाली, उंदीर का कुणी दान देतं!"

"अहो मास्तर! दोघांचा रिसीव्हर एकच असतो. तो इथंच राहिला!"

"पण अण्णांकडे कॉम्प्युटरच नाही..."

"कॉम्प्युटर इथं आहे की. मध्ये एक भिंत फक्त."

आम्ही मागच्या दारानं परसात गेलो. भुरभुर चालूच होती. अण्णांच्या खिडकीचं एक दार उघडं होतं. आत पाहिलं. कोऱ्या भिंतीकडं तोंड करून एक वाळकुडा माणूस बसला होता. मांडीवर कीबोर्ड. समोर ना स्क्रीन, ना वायर, काहीच नाही. डोळे मिटलेले, आणि बोटं चालू. मघापेक्षा हे जास्त भयाण होतं. सुमंतचा ओला खांदा माझ्या खांद्याला टेकला होता. तो रडत होता, आवाज न करता.

"काढून टाका तो रिसीव्हर," परत येताना तो म्हणाला. "आईचे डोळे आधी."

साधी दुरुस्ती. चिमटीत धरून ओढायचं, झालं. मी टेबलाखाली हात घातला, तेवढ्यात मनगटावर थंडगार बोटं आली.

"तो काढू नकोस, बाळ," वेणूबाई म्हणाल्या. "अण्णा आहेत ते. मला माहीत आहे."

"आई! तुला... केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून. अरे, चाळीस वर्षं संसार केला. तुझ्या अप्पांनी एकदा तरी मला विचारलं का, चहा झाला का म्हणून? जिवंतपणी नाही विचारलं, ते मेल्यावर कुठले विचारतायत!" त्या हसल्या आणि लगेच डोळ्यांना पदर लावला. "हे दोघं साडेचारला भिंतीवर टकटक करून एकमेकांना विचारायचे. अप्पा गेले आणि अण्णांनी अन्न टाकलं. मग ही अक्षरं आली. मी मोठ्यानं उत्तर दिलं, आणि त्या रात्री त्यांच्या स्वयंपाकघरात भांडी वाजली. कॉम्प्युटर दुकानात होता तेव्हाही मी साडेचारला अंदाजानं 'आतु' म्हणतच होते. आता सांग, मी दहा दिवस गेले आणि भिंतीतून उत्तर आलं नाही तर? आणि मी हे वाचते असं कळलं, तर तो भिडस्त माणूस शरमेनंच मरेल."

आता काय करायचं? एकीकडं एका बाईचा डोळा, दुसरीकडं एका माणसाचा घास. सुमंत माझ्याकडं बघत होता. तेच डोळे. त्यांच्याकडं बघून खोटं बोलता येत नाही, हा त्यांचा दोष.

"काकू, तुम्ही ऑपरेशन करून घ्या," मी म्हटलं. "साडेचारला मी येईन. 'आतु' म्हणायला काय डिग्री लागते?"

"हुबळीहून? रोज?" सुमंत म्हणाला.

"का, नको?"

"नाही हो! या की... म्हणजे, याच!"

तर असं झालं. वेणूबाई हुबळीला गेल्या, आणि मी रोज दुकानाचं शटर ओढून मळमड्डीला. सुमंत शाळेतून येऊन चहा टाकायचा. आलं जास्त घालायचा, आणि मी कुरकुरत दोन कप प्यायचे. पहिल्या दिवशी अक्षरं आली, *चा आतेन?* मी भिंतीकडं तोंड करून ओरडले, "आतु!"

स्क्रीन स्तब्ध. बराच वेळ नुसती उभ्या रेघेची उघडझाप. मग—

*दनी ब्यारे ऐती.*

आवाज वेगळा आहे.

आणि त्यापुढं काही नाही. दुसऱ्या दिवशी साडेचार वाजले, पाच वाजले. स्क्रीन काळीच. भिंतीपलीकडं भांडंही वाजेना. मीच बिघडवलं की काय!

मी उठले आणि सरळ अण्णांचं दार वाजवलं. सुमंत "अहो, थांबा" म्हणेपर्यंत दार उघडलं होतं. अण्णांच्या चेहऱ्यावर चार दिवसांचे खुंट.

"अण्णा, कालचा आवाज माझा होता," मी म्हटलं. "त्याआधी वेणूकाकूंचा. तुम्ही लिहिता ते तिकडं दिसतं. सगळं."

ते खाली बसले. बराच वेळ कीबोर्डवरून हात फिरवत राहिले.

"मला वाटायचं, तो बोलतोय," शेवटी म्हणाले. "वेणूबाईंच्या आवाजात. खुळा म्हणशील, पोरी."

"म्हणेन की. बारा पावलांवर दार असताना भिंतीशी बोलणारा खुळाच. चला, चहा थंड होतोय!"

शरमेनं मेले नाहीत ते. आले. अप्पांच्या खुर्चीकडं पाहून दारातच थबकले, मग माझ्या स्टुलावर बसले. त्यानंतर रोज येऊ लागले. हळूहळू पोहे, मग उप्पीट, मग एकदा चक्क दोनदा वाढून घेतलं.

दहाव्या दिवशी सुमंत मला बसथांब्यावर सोडायला आला. छत्री एकच.

"उद्या आई येणार," तो म्हणाला. "म्हणजे उद्यापासून तुम्ही..."

"बिघाड नसेल तर मेकॅनिक कशाला येईल?"

"मग मी एखादी वायर ढिली करून ठेवतो."

"मास्तर असून लबाडी!"

"वेदश्री," तो थांबलाच, भर रस्त्यात. "मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. 'तुमच्यासमोर आहेत की' म्हणालात ना, तेव्हापासून. आता... तुम्ही काहीतरी बोला."

बस आली. मी चढले. अहो, मलाही तो आवडत होता, इतका की छातीत दुखत होतं! पण तोंडाळ माणसाला नेमक्या वेळी शब्द सापडत नाहीत. "उद्या सांगते," एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी वेणूबाई आल्या. डोळा स्वच्छ, काळाभोर. अण्णा दारातूनच मोठ्यानं म्हणाले, "वेणूबाई, चा आतेन?" आणि त्या खळखळून हसल्या. कीबोर्ड अण्णांनी परत आणला होता. मी त्यातले सेल काढून सुमंतच्या हातात ठेवले. मग टेबलामागून रिसीव्हर उपटला. साधी दुरुस्ती, अकरा दिवस उशिरा. चौघं चहा घेऊन बसलो. घड्याळात साडेचार.

स्क्रीन उजळली.

अण्णांचे दोन्ही हात कपाभोवती. सेल सुमंतच्या मुठीत. रिसीव्हर माझ्या तळहातावर, मी तो दाबून पाहिला, होता तिथंच. वायरवाल्या कीबोर्डजवळ कुणी नव्हतं. आणि पानावर अक्षरं येत होती. चाचपडत नव्हेत, सराईत, झरझर. लिपी इंग्रजी, पण भाषा या वेळी मराठी.

*वेणू, चहा झाला का?*

वेणूबाईंनी चष्म्याशिवाय वाचलं. उठल्या, खुर्चीवरच्या शालीवर हात ठेवला.

"चाळीस वर्षं लागली होय विचारायला!" त्या म्हणाल्या. मग अगदी हळू, नव्या नवरीसारख्या, "झाला हो. तुमचा?"

उत्तर आलं नाही. स्क्रीन मालवली. खोलीत आल्याचा वास तेवढा दरवळत होता. मी सुमंतकडं वळले.

"हो," मी म्हटलं. "माझं उत्तर. हो म्हणतेय मी."

आता मी त्याच घरात राहते. हाताखालून शेकडो कॉम्प्युटर गेले. तो एक मात्र मी पुन्हा उघडलेला नाही. परत कधी अक्षरंही आली नाहीत. पण रोज साडेचारला, शाळेत असो, गावाला असो, सुमंतचा मला फोन येतो.

"चहा झाला का?"

"रोज काय तेच तेच!" मी करवादते.

"मेल्यावर विचारण्यापेक्षा बरं," तो म्हणतो.

मग मी आजूबाजूला गिऱ्हाईक नाही ना ते बघते, आणि म्हणते, "आतु."