डावीकडचं मागचं चाक

हे खरं घडलंय.

तो टायर मी स्वतः बघितलाय, त्यावरून हात फिरवलाय. नाहीतर मीही तुमच्यासारखाच हसून पुढे गेलो असतो.

आणि असल्या गोष्टींना काळोख लागतो असं कुणी म्हणत असेल, तर आधीच सांगतो. मंगळवार होता. दुपारचे साडेतीन. दवाखान्याच्या तळघरातलं पार्किंग, डोक्यावर लखलखीत दिवे आणि दहा पावलांवरून माणसं ये-जा करत होती.

तरी तिला कुणी बघितलं नाही...

ती म्हणजे माझी चुलतबहीण. ताई. चष्म्याच्या काचा कापायचं काम करते. बाई मिलिमीटरची. आम्ही तिला चिडवायचो, की तुझ्यासमोर भूत आलं तर तू आधी त्याचा नंबर काढशील.

हल्ली नाही चिडवत.

तिचे वडील माझे थोरले काका, पण घरात सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. त्याच्यापाशी तीनच शब्द उरले.

चल. पाणी. नको.

डॉक्टर म्हणाले, पहिले सहा महिने महत्त्वाचे. आठवड्यातून तीनदा व्यायाम आणि बोलायचा सराव, एकही दिवस चुकवू नका. या काळात जे परत येईल ते येईल. नंतर फारसं येत नाही.

भाड्याच्या गाडीचा भरवसा नव्हता. चाकांची खुर्ची बघितली की चालकाला दुसरं काम आठवायचं. काकू जाऊन सहा वर्षं झालेली, घरात दोघंच. शेवटी ताईने गाडी घेतली. वापरलेली. राखाडी, सात वर्षांची, पण जेमतेम अकरा हजार किलोमीटर चाललेली. अंगावर ओरखडा नाही.

विकणारा गृहस्थ पन्नाशीचा, मवाळ बोलण्याचा.

"घरीच उभी होती," तो म्हणाला. "दोन वर्षं बाहेर काढलीच नाही."

ताईला वाटलं, घबाड मिळालं. गाडी कमी चाललीय एवढंच तिने बघितलं. ती इतका काळ का उभी होती, हे विचारायचं राहून गेलं.

एक गोष्ट मात्र तिला खटकली होती. किल्ली देण्याआधी त्याने डावीकडचं मागचं दार उघडलं... आत बघितलं नाही. नुसता दार धरून उभा राहिला. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला उतरायला वेळ लागतो, तेवढा वेळ. मग हलकेच दार लावलं.

"सवय," तो म्हणाला.

त्या दाराला चाइल्ड लॉक लावलेलं होतं. म्हणजे दार आतून उघडत नाही, बाहेरूनच कुणीतरी उघडावं लागतं. ताईने ते तसंच ठेवलं. अण्णांचा डावा हात सारखा काहीतरी चाळवत असायचा, चालत्या गाडीत दार उघडलं तर काय घ्या.

पहिल्याच दिवशी आवाज आला.

ढप... ढप... ढप...

मागून. डावीकडून. वेग वाढला की आवाज वाढायचा, थांबलं की थांबायचा. चौथ्या दिवशी ती टायरवाल्याकडे गेली. म्हातारा माणूस, शब्द मोजून वापरणारा. त्याने जॅक लावला, चाक हाताने फिरवलं, एका जागी थांबवलं आणि खडूने रेघ मारली.

"हात लावा इथे."

टायर तिथे वीतभर चपटा झाला होता. कडेला रबर फाटून भेगा पडल्या होत्या.

"उभी होती ना गाडी?"

"दोन वर्षं."

"मग होतं असं. पण चारही टायर एकाच वयाचे आहेत. तीन ठीक आहेत, हा एकच बसलाय." त्याने मागच्या सीटकडे बघितलं. "इथे वजन होतं. काय ठेवलं होतं त्यांनी?"

"काही नसेल. रिकामीच उभी होती."

"रिकाम्या गाडीने असं होत नाही, बाई."

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पण टायर बदलला की विषय संपला, असा तिने हिशेब केला. त्याने नवा टायर घातला, जुना डिकीत टाकून दिला. जिथे टायर जमिनीला टेकला होता, तिथे सवयीने खडूची रेघ ओढली. म्हणाला, दोन दिवसांत पुसली जाईल.

पुसली गेली नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यापाशी गाडी लावली, तेव्हा ताईची नजर सहज गेली. रेघ बरोबर खाली. जमिनीला टेकलेली.

घरी आली. रेघ खाली.

दुकानासमोर लावली. रेघ खाली...

बोलाफुलाला गाठ, तिने स्वतःला समजावलं. पण तिचा स्वभाव तो. तिने गाडी दोन फूट पुढे घेतली आणि उतरून बघितलं. दोन फुटांत चाक काही पुरतं फिरत नाही. रेघ वर यायला हवी होती.

रेघ खालीच होती.

कुठेही न्या, ते चाक काही जागचं हललेलं नव्हतं. आठवड्याभरात नव्या टायरचाही आवाज सुरू झाला.

ढप... ढप...

आणि अण्णा सरकायला लागले.

ती त्यांना डावीकडच्या दाराशी बसवायची. पोचेपर्यंत अण्णा सीटच्या मधोमध आलेले असायचे. ज्यांना कूस बदलायला माणूस लागतं, ते अण्णा. अंग चोरून बसलेले, शेजारी कुणी अवघडून बसलं असावं तसे. एकदा तर त्यांचा पट्टा सुटलेला होता... आणि रिकाम्या जागेवर लावलेला होता.

"अण्णा, हे कुणी केलं?"

अण्णांनी त्या जागेकडे बघितलं.

"पाणी," ते म्हणाले.

त्यांना तहान लागली नव्हती. तिने बाटली पुढे केली, त्यांनी मान हलवली. डाव्या हाताने ती बाटली त्यांनी शेजारच्या रिकाम्या जागेकडे ढकलली.

मग तो मंगळवार.

दवाखान्यातली सिस्टर अण्णांना खुर्चीवरून वर घेऊन गेली. व्यायामाला पाऊण तास लागायचा. अण्णांची एक चप्पल गाडीत राहिली होती, म्हणून ताई परत आली. मागचं डावं दार उघडून आत वाकली. चप्पल सीटखाली लांब गेली होती. ती आत बसली, हात घातला...

मागे दार लागलं.

आपटलं नाही. कुणीतरी आतून सावकाश ओढून घ्यावं, तसं लागलं.

खटका दाबला. उघडेना. साहजिक आहे, चाइल्ड लॉक. तिला स्वतःचं हसू आलं. पुढच्या सीटवर जाऊ आणि उतरू, एवढंच ना?

तिने उठायला जोर लावला.

उजवा पाय उठेना.

मुंग्या आल्या असतील म्हणून तिने उजव्या हाताने तो पाय धरायला बघितला. हातही उठेना. तो मांडीवर पडून होता, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. फोन पुढे, काचेजवळ. दिसत होता. तीन फूट.

दोन बायका गाडीच्या अगदी जवळून गेल्या. ताईने हाक मारायला तोंड उघडलं. "अहो, जरा दार उघडा." मनात शब्द स्वच्छ होते.

तोंडातून आलं, "चल."

पुन्हा प्रयत्न केला.

"चल... चल..."

बायका निघून गेल्या. मग तिने डाव्या हाताने काच ठोठावली. टक. टक. टक. एक माणूस समोरच्या गाडीत सामान भरत होता. त्याने वळूनसुद्धा बघितलं नाही. आत उकडायला लागलं. तळघरात ऊन येत नाही, तरी काच हाताला पोळत होती. सीट तापली होती. घसा सुकला. तिला कळत होतं, की हे आपलं भय नाही. हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे, आणि ते या जागी आधीपासून बसलेलं आहे.

आणि तिला पहिल्यांदा कळलं, की अण्णा सकाळ-संध्याकाळ हेच भोगतायत. ती रडायला लागली. रडणंही अर्ध्याच तोंडाने येत होतं.

किती वेळ गेला तिला सांगता येत नाही.

दार उघडलं ते अण्णांनी. सिस्टरने खुर्ची दाराशी आणली, आणि अण्णांनी डावा हात लांबवून दार ओढलं. थंड हवा आत आली. ताईचा हात हलला, पाय हलला. ती धडपडत बाहेर पडली.

"तुम्ही इथेच बसून होता?" सिस्टरने विचारलं. "काचेतून तर गाडी रिकामी दिसत होती."

ताईने दार लावायला हात पुढे केला. अण्णांनी ते लावू दिलं नाही. त्यांनी आत, त्या रिकाम्या जागेकडे बघितलं. घरी आलेल्या माणसाशी बोलावं तशा मऊ आवाजात म्हणाले,

"चला. घरी."

सिस्टरने टाळी वाजवली. नवा शब्द. चार महिन्यांत पहिला.

ताईने त्या संध्याकाळी विकणाऱ्याला फोन लावला.

"मागचं दार उघडता ना?" त्याने विचारलं. "दर वेळी?"

"तिथे कोण बसायचं?"

"आई. तुमच्या अण्णांसारखीच होती. मी औषध आणायला उतरलो होतो. दहा मिनिटांसाठीच गेलो होतो हो, ताई. दुकानात ओळखीचं कुणी भेटलं. काचा बंद होत्या, ऊन होतं. सगळ्यांनी मिळून तिला बाहेर काढलं. पण ती उतरली नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर घेतली असती गाडी?"

तिला राग आला, आणि त्याची कीवही आली. दुसरी गाडी शोधण्यात आठवडे गेले असते आणि अण्णांचे दोन महिनेच उरले होते. तिने चाइल्ड लॉक काढून टाकलं. तरीही ती प्रत्येक थांब्यावर ते दार उघडून उभी राहायची. मनात वीस आकडे मोजायची.

नवव्या दिवशी घरापाशी तिने दार उघडलं, आणि गाडी किंचित वर उचलली गेली. माणूस उतरल्यावर उचलली जाते, तशी.

"उतरल्या," अण्णा म्हणाले.

ताईने वाकून बघितलं. खडूची रेघ वर होती.

त्यानंतर आवाज बंद झाला. आणि अण्णांचे शब्द परत यायला लागले. आधी दोन, मग दहा, मग अख्खी वाक्यं. ताई फोनवर हसत रडत होती. मी रविवारी भेटायला गेलो. खाली उभ्या गाडीला वळसा घातला, तर जुना टायर जिन्याखाली ठेवलेला दिसला. त्यावरून हात फिरवला, तो तेव्हाच.

अण्णा पलंगावर होते. पलंग भिंतीला लागून, आणि अण्णा भिंतीला चिकटून. डावीकडची अर्धी गादी मोकळी. मोकळी, पण दबलेली.

मी टेकायला गेलो.

"बस," अण्णा स्पष्ट म्हणाले. "पण तिथे नको."

मी खुर्ची ओढली. अण्णा छान बोलले. नद्या, पर्वत, माझी नोकरी. हळूच म्हणाले, "बरी बाई आहे. दार तेवढं बंद नको."

त्या खोलीच्या दाराला आतून मूठ नव्हती. झटका आला तेव्हा अण्णांनी दार आतून लावून घेतलेलं होतं, म्हणून नंतर ताईने ती काढून टाकलेली. दार उघडं राहावं म्हणून खाली लाकडी पाचर लावलेली असायची.

निघताना अण्णांचा डोळा लागला होता. ताई मला सोडायला थांब्यापर्यंत येत होती. रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट होता. म्हातारा माणूस, झोप मोडू नये...

मी पायाने पाचर सरकवली आणि दार ओढून घेतलं. चांगल्या मनाने. सवयीने.

बसची वाट बघताना ताईने विचारलं, "दार उघडं आहे ना?"

माझ्या चेहऱ्याकडे बघून ती पळत सुटली. मी मागे. जिन्यातच ऐकू आलं.

टक... टक... टक...

दाराच्या आतून. खालच्या बाजूने. ताईने दार उघडलं. आत उन्हात तापलेल्या गाडीसारखं उकडत होतं. अण्णा तर पलंगावरच होते. ते उठून दाराशी येऊच शकत नाहीत. आता ते गादीच्या मधोमध होते. शेजारची गादी सपाट होती.

"अण्णा?" ताई म्हणाली. "अण्णा, बोला ना."

"पाणी," अण्णा म्हणाले.

तेवढंच. सहा महिने गेल्या आठवड्यात संपले. चल, पाणी, नको. बाकी काही परत आलेलं नाही.

त्या दिवशी ताईने माझ्याकडे पाठ करून अण्णांना पाणी पाजलं. मीच म्हणालो, "दहा मिनिटांसाठीच गेलो होतो." आणि हे वाक्य आधी कुणी म्हटलंय, ते मला म्हणताना आठवलं.

परतीची बस भरलेली होती. माणसं दांड्याला लोंबकळत उभी होती. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. शेवटपर्यंत तिथे कुणी बसलं नाही.

घरी आलो, कुलूप काढलं, आत पाऊल टाकलं.

दार लावायचं की उघडं ठेवायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.