तिच्या मापाची सायकल

"या सायकलीला स्टँड नाही?"

बाहेर भुरभुर पाऊस लागला होता म्हणून तो आत शिरला होता, हे उघड दिसत होतं. घ्यायचं काही नव्हतं. पण आमच्या दुकानात नुसतं उभं राहायची माणसाला लाज वाटते, म्हणून तो काचेजवळच्या काळ्या सायकलीभोवती घिरट्या घालत होता.

"नाही," मी म्हटलं.

"घंटी?"

"नाही."

"कॅरिअर? मडगार्ड?" मग तो खाली वाकला आणि त्याचे डोळेच विस्फारले. "अहो, हिला पेडलसुद्धा नाहीत!"

"ती वेगळी घ्यावी लागतात."

"म्हणजे कवळी विकायची आणि दातांचे पैसे वेगळे लावायचे! एवढी वर्षं लोकांचे दात बघतोय, पण हे काही सुचलं नाही मला."

यावरून मला कळलं, की स्वारी दातांची डॉक्टर आहे. मी हसू दाबायला गेले... दाबलं गेलं नाही.

"एवढ्या पैशांत दोन स्कूटर येतील," किमतीची चिठ्ठी वाचून तो म्हणाला.

"मग घ्या की. एक फिरायला, एक पहिलीला पेट्रोल आणायला."

"खरं सांगा, एवढे पैसे घालण्यासारखं काय आहे हिच्यात?"

मालक असते तर त्यांनी हलकी, मजबूत, लोण्यासारखे गिअर, असं सगळं पाठ केलेलं ऐकवलं असतं. मी पडले मापं घेणारी. माणसाचे हातपाय मोजायचे आणि सायकल त्याच्या अंगाला बसवून द्यायची, एवढंच माझं काम. "अंगाला बसली तर पैसे वसूल," मी म्हटलं. "नाही बसली तर फुकट मिळाली तरी महागच."

पाऊस थांबला होता. तरी तो बराच वेळ गेला नाही.

पुन्हा आला तेव्हा लख्ख ऊन होतं.

"आज पाऊस नाही," मी म्हटलं.

"नाही ना! म्हणून खरं कारण काढावं लागलं." त्याने कान खाजवला. "मला ती सायकल घ्यायचीय. म्हणजे... माझ्या होणाऱ्या बायकोसाठी. ती शिकायला परदेशी गेली, आता तिथेच नोकरी करते, रोज सायकल चालवते. परत येईल तेव्हा एकदम समोर उभी करायचीय."

मला एकदम वाईट वाटलं. एका भुरभुर पावसात असं काय झालं होतं मला? काही नाही. तरी वाटलं, त्याला मी काय करू?

"तिला घेऊन या," मी म्हटलं. "जो चालवणार तो समोर असल्याशिवाय आम्ही करवत लावत नाही. या सायकलीची सीट वरखाली होत नाही. सीटखालची नळी फ्रेममधूनच वर आलेली असते, ती त्या माणसाच्या पायांच्या मापाला कापायची. एकदाच."

"पण मग गंमत काय राहिली?"

मालक गल्ल्यामागून बघत होते. एवढं मोठं गिऱ्हाईक त्यांना हातचं घालवायचं नव्हतं. "तेवढ्याच उंचीचं कुणी असलं तरी भागेल," ते म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, सावकाश... आणि हलकेच मान डोलावली. "यांच्याएवढीच आहे ती. अगदी यांच्याएवढी."

आता मी म्हणजे ताडमाड. वहिनी मला रोज बजावते, "पंख्याखालून जपून जा गं बाई." माझ्या कुठल्याच शर्टाची बाही मनगटापर्यंत पोचत नाही. माझ्याएवढी आणखी एक बाई जगात आहे आणि ती नेमकी याच्या वाट्याला आलीय, याचा मला भयंकर राग आला.

माझी मापं घ्यायला दुसरं कोण होतं? मालकांना वाकता येत नाही. मी त्याच्या हातात टेप दिली आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

"खांद्याच्या हाडापासून मनगटापर्यंत. नीट धरा. हात कशाला थरथरतोय? पेशंट पळून जातील अशाने."

"पेशंटला भूल देतो मी," तो पुटपुटला. "स्वतःला द्यायची सोय नाही."

त्याच्या हातांना लवंगेच्या तेलाचा वास येत होता. माझे कान तापले होते. त्याने तेच माप पुन्हा घेतलं. मग आणखी एकदा. मी हात तसाच लांब धरून ठेवला.

काचेतली नुसती नमुन्याची; खरी सायकल मागवली होती, ती यायला वेळ होता, पण त्याचं येणं काही थांबेना. आज पेडल बघायची, उद्या हँडलच्या पट्टीचा रंग, परवा म्हणे सीट टोचेल का? प्रत्येक गोष्ट माझ्यावर करून बघायची. "अहो-जाहो पुरे झालं," एक दिवस तो म्हणाला. "तुझ्या ढोपराचं माप मला पाठ आहे." मी त्याला दातवाला म्हणायला लागले. गिअरच्या चकतीचे दाते मोजत बसायचा आणि म्हणायचा, "एकही किडलेला नाही. माझं पोट कसं चालायचं?"

घरी वहिनीच्या नजरेतून काही सुटत नाही. भाजी निवडता निवडता म्हणाली, "दुसरीच्या सायकलीवर बसून तू कुठे जाणार आहेस गं?"

मला रडूच आलं.

सायकल आली, नळी माझ्या मापाला कापली, आणि एकदा चालवून बघायची म्हणून मी ती मागच्या रस्त्यावर काढली. आई गं! आयुष्यात पहिल्यांदा एखादी वस्तू मला कुठेही आखूड पडली नाही. पाय मारला की ती पुढे, मनात आणलं की वळण. तो शर्टाच्या बाह्या सारून बाजूने धावत होता, धापा टाकत हसत होता. मी थांबले तर म्हणाला, "तुला... तुला ही किती..." त्याने हँडलवरचा माझा हात धरला होता. सोडायला त्याला फार वेळ लागला.

मी आशा धरली. दुसरीचं होणारं माणूस, सगळं माहीत असून, खुळ्यासारखी धरली.

आणि मग ती आली.

माझ्या खांद्याला लागत होती! गोड चेहऱ्याची, मोकळी, बोलघेवडी. सायकलीवर चढली तर पायाची बोटंसुद्धा पेडलला पोचेनात. "हिच्याएवढी? मी?" ती पोट धरून हसायला लागली. "अरे, कॉलेजपासून ओळखतोस मला! कुठे बघत होतास इतकी वर्षं?" मग माझा दंड धरून म्हणाली, "तुला किती त्रास दिला गं याने! आता माझी मापं घे बाई." मला तिचा राग करायचा होता, पण करता येईना.

मी तिची मापं घेतली. हँडल जवळ घेतलं आणि नळी आणखी कापली, की चालणार होतं. मालक तिला हेल्मेट दाखवायला वरच्या मजल्यावर घेऊन गेले.

खाली आम्ही दोघंच राहिलो.

"खोटं बोललास," मी म्हटलं. "इथे यायला निमित्त हवं होतं तुला."

"नाही गं. शपथ." त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मला खरंच ती तेवढीच वाटायची. डोळे मिटून तिला आठवायला गेलो की... तूच उभी राहायचीस. आज ती तुझ्या शेजारी उभी राहिली, तेव्हा कळलं मला."

हे ऐकायला मी किती दिवस जीव टाकला होता! आणि ऐकलं ते असं, तिचं हसू जिन्यावरून खाली ऐकू येत असताना.

"मग बोल तिच्याशी."

"ती तिथली नोकरी सोडून आलीय. माझ्यासाठी. सगळं ठरलंय... आता कुठल्या तोंडाने..."

"तिचं नको सांगूस. मी तुला विचारतेय." माझा आवाज फाटला. "ही कापली की मला हिच्यावर पुन्हा बसता येणार नाही. तुझ्यासाठीही मी पुन्हा अशी उभी राहणार नाही. नको म्हण. एवढंच म्हण. तिला दुसरी मागवू, मालकांचं मी बघून घेईन. नुसतं नको म्हण."

तो करवतीकडे बघत राहिला. कितीदा तरी ओठ हलले त्याचे. मला वाटलं, आता म्हणेल... आता म्हणेल...

"काप," तो म्हणाला.

नळी कार्बन फायबरची, तिची धूळ छातीत जाऊ नये म्हणून मास्क लावतात, वर चष्मा. बरं झालं. मी नळीवर पाणी सोडलं आणि बारीक दात्यांची करवत चालवली. हात जराही हलला नाही माझा. तुकडा निसटून टेबलावर पडला. त्याने तो उचलायला हात पुढे केला, तशी मी तुकडा कचऱ्याच्या डब्यात भिरकावला.

"डोक्याला बसलं एकदाचं!" ती हेल्मेट घालूनच खाली उतरली. मी तिच्या पायाशी गुडघ्यांवर बसले, तिची टाच पेडलवर ठेवली, ढोपर बघितलं, सीट घट्ट केली. नेहमीसारखंच, जीव ओतून. सायकल तिला छान बसली. जाताना तिने मला मिठी मारली आणि "लग्नाला यायचं हं," म्हणाली. "येईन की," मी म्हटलं. ती हळूहळू सायकल चालवत निघाली आणि तो तिची पर्स खांद्याला अडकवून बाजूने चालत राहिला.

मी दारात उभी राहिले. स्वतःची लाज वाटत होती, तरी उभी राहिले. एकदा तरी वळून बघेल ना! कोपऱ्यावर सिग्नल लाल झाला. दोघं थांबली. ती हँडलवर रेलून त्याला काहीतरी सांगत होती, तो मान हलवत होता. गाड्या जात होत्या, लोक रस्ता ओलांडत होते, सिग्नल काही सुटता सुटत नव्हता. त्याला वळायला वेळच वेळ होता.

मग सिग्नल हिरवा झाला, आणि ती दोघं गेली.