दोनदा वाजलं की दाबायचं

गॅरेजच्या भिंतीत एक खिळा आहे. त्यावर काहीच टांगलेलं नसतं. उपटायला पक्कड घेतली, तर बायको म्हणते, असू दे की.

ती नवऱ्याला अहो म्हणते. गाडीला अगं.

स्पार्क प्लग काढलेल्या भोकावर अंगठा ठेवायचा आणि इंजिन पान्याने हळूहळू फिरवायचं. एका क्षणी आतली हवा अंगठा बाहेर ढकलते. पिस्टन वर आला.

मेलेल्या माणसाशी बरोबरी करू नये. त्याच्या हातून आता कधीच चूक होत नाही.

तर यातला नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा; सगळे त्याला लिफ्टवालाच म्हणत. अडकलेल्या लिफ्टमध्ये माणसांना काय काय ऐकू येतं आणि शेवटी एक सैल बोल्ट निघतो, हे त्याने आयुष्यभर पाहिलेलं. त्यामुळे भुताखेतांचं त्याला वावडंच होतं. बायकोचं हे दुसरं लग्न. पहिला छातीत कळ येऊन गेला आणि मागे ही जुनी गाडी ठेवून गेला. इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडायची, ते टायमिंग तो निव्वळ कानाने लावायचा. अजूनही गाडी सुरू झाली, की बायकोचा चेहरा क्षणभर निवायचा. तो चेहरा लिफ्टवाल्याच्या वाट्याला कधी आला नव्हता.

म्हणून त्याने ठरवलं. प्लगांना ठिणगी वाटणारा, पहिल्याच्या हातचा डिस्ट्रिब्युटर काढायचा, त्या जागी कॅम सेन्सर बसवायचा. ठिणगीची वेळ मग सेन्सर सांगेल. कुणाच्या कानांची मिजास नको. आज जमलं, की गाडी आपली. आणि गाडी आपली झाली, की... पुढचं वाक्य तो मनातही पुरं करायचा नाही.

शेजारचे पेन्शनर कुंपणावरून डोकावले. "चालती गाडी खोललीत? सुखातला जीव दुःखात घालायची भारी हौस बुवा!"

"सुधारणा करतोय."

"करा, करा. आधीचे मात्र डोळे मिटून लावायचे हो."

"मी उघडे ठेवून लावतो," असं म्हणून लिफ्टवाल्याने शटर अर्धं खाली ओढलं. ठिणगीबरोबर लखलखणाऱ्या टायमिंग लाइटला अंधार लागतोच, असं त्याने स्वतःला सांगितलं.

अंगठा ठेवला, पाना फिरवला. हवेने अंगठा ढकलला. इंजिनाच्या पुलीवरची रेघ शून्याच्या खुणेवर आणून त्याने पाना काढून ठेवला. अंगठा अजून भोकावरच होता. इंजिन स्थिर. तरी हवेने अंगठा पुन्हा ढकलला. उबदार, सावकाश.

हवा आत अडकून राहिली असेल, म्हणून त्याने अंगठा पँटला पुसला.

पुलीवरच्या रेघेवर खडू घासला, सेन्सर बसवला, प्लग परत लावला आणि हाक मारली, "ये गं, बस जरा."

बायको ओले हात पदराला पुसत आली आणि उजव्या दाराने आत बसली. मध्ये उघडं बॉनेट. दोघांना एकमेकांचं तोंड दिसेना.

"दोनदा वाजलं की दाबायचं ना?" अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवून तिने विचारलं. "एकदा वाजलं की सोडायचं?"

"काय वाजलं की?"

"टकटक. तो डाव्या मडगार्डवर बोटाने वाजवायचा. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येतंय कुठे!"

डाव्या मडगार्डवर. लिफ्टवाल्याला आतून बरं वाटलं. का, ते त्याने तिला सांगितलं नाही.

"मला ओरडता येतं," तो म्हणाला. "मार स्टार्ट."

इंजिन खोकलं, धरलं. त्याने लाइटचं बटण दाबलं. लखलखत्या उजेडात गरगर फिरणारी पुली जागच्या जागी थिजली. खडूची रेघ खुणेपासून बोटभर लांब. एका हातात लाइट, दुसरा सेन्सरवर. तो सेन्सर केसभर वळवू लागला.

टक टक.

इंजिन गरजलं.

"मी कुठे सांगितलं?" तो ओरडला.

"वाजवलंत की आत्ता!"

टॅपेट असेल. जुन्या इंजिनात टॅपेट वाजतात.

टक.

इंजिन खाली बसलं.

टक टक. गरजलं.

सेन्सर त्याच्या बोटांखाली वळला. त्याने उलटा दाबून धरला. तरी वळला, सावकाश, सवयीच्या हाताने वळावा तसा. उजेडात खडूची रेघ सरकत सरकत खुणेवर येऊन थांबली. इंजिनाची थरथर गेली. इतकं गोड ते कधीच चाललं नव्हतं.

आत बायको हसली.

"अरे, पुरे की आता!"

अरे.

लिफ्टवाल्याने लाइट खाली ठेवला. उजवीकडे सरकला. पाना उचलून उजव्या मडगार्डवर वाजवला. दोनदा.

तिने दाबलं नाही. चावीच फिरवली. इंजिन बंद पडलं.

"कोण आहे?" तिचा आवाज घाबरा झाला होता. "कोण आहे तिकडे?"

"मी आहे."



टक, असं एकदाच वाजलं. आतून तिचा सुटलेला श्वास ऐकू आला.

लिफ्टवाल्याने डावीकडे पाहिलं नाही.

डावं मडगार्ड आदल्या दिवशीच पोचे काढायला डेंटरकडे गेलं होतं. लिफ्टवाल्याने ते स्वतः खोलून दिलं होतं.