भजं उशिरा वर येतं

"तेल गार हाय," सोनाबाई म्हणाल्या.

शाल्मली देवरुखकरने आपल्या पिशवीतली तापमापक सळई तळणयंत्राच्या टाकीत बुडवली. तापनळ्यांपासून चार बोटं वर ती तशीच धरून ठेवली आणि आकडा स्थिर होईपर्यंत पाहत राहिली. एकशे पंचाहत्तर अंश. यंत्राच्या पटलावरही एकशे पंचाहत्तरच होते.

"गार नाहीये, मावशी. दोन्हीकडे एकच आकडा येतोय."

"आकडं मला नको दावूस. भजं काय म्हणतंय ते बघ." सोनाबाईंनी परातीतल्या मूगडाळीच्या पिठाचा सुपारीएवढा गोळा अलगद तेलात सोडला. गोळा तळाशी गेला. त्याच्याभोवती बुडबुड्यांचा गलका झाला, पण गोळा खालीच रेंगाळला आणि मग सावकाश, कंटाळल्यासारखा वर आला. "बघितलंस? कराडला तीस वर्सं भजी तळली मी. तापल्या तेलात भजं असं लोळत न्हाय."

'परिघ' या अंतराळस्थानकावर दोनशे बारा माणसं राहत होती. स्थानक म्हणजे एक प्रचंड चाक होतं. ते स्वतःभोवती फिरायचं आणि त्या फिरण्याने माणसं चाकाच्या बाहेरच्या कडेकडे दाबली जायची, तेच त्यांचं वजन. म्हणून चाकाची बाहेरची कड ही इथली जमीन, आणि आसाकडे जावं तसे वरचे मजले. स्वयंपाकघर अगदी बाहेरच्या कडेला, म्हणजे तळमजल्यावर होतं. तिथली सगळी उपकरणं चालू ठेवणं ही शाल्मलीची जबाबदारी होती, आणि या आठवड्यात तळणयंत्रासाठी ती तिसऱ्यांदा खाली आली होती.

तिने वहीत केलेली तक्रारींची यादी पुन्हा वाचली. भजं उशिरा वर येतं. तेल आठवड्याऐवजी चार दिवसांत काळं पडतं. फेस इतका चढतो की सोनाबाईंनी तेलाची पातळी खुणेपेक्षा दोन बोटं खाली आणली होती. शिवाय भजी तेलकट. जाळी दुप्पट वेळ टांगून ठेवली तरी तेल निथळत नाही, आणि जेवणाच्या रांगेत लोक सोनाबाईंना टोमणे मारतात.

"काल तो पाणीविभागातला म्हणतो कसा, मावशी, भज्यातलं तेल पिळून दिवा लावला," सोनाबाई म्हणाल्या. "हसले सगळे. मी बी हसले. पर रात्री डोळा न्हाय लागला."

यादीतल्या प्रत्येक दुखण्यावर माहितीपुस्तिकेत उपाय होता आणि शाल्मलीने तो केला होता. तेल काळं पडतं? तापनळ्यांवर पुटं चढली असतील. तिने टाकी रिकामी केली, सोड्याचं पाणी भरून उकळवलं, नळ्या घासून लख्ख केल्या आणि नवं तेल भरण्याआधी टाकी कोरड्या फडक्याने तीनदा पुसली. पाण्याचा एक थेंब राहिला तर गरम तेल अंगावर उडतं, हे ती झोपेतही विसरत नसे. फेस येतो? गाळणी बदलली. उष्णतानियंत्रक बदलला. तेल फार तापलं तर वीज तोडणारा अतितापरोधकही तपासला. सगळं व्यवस्थित होतं, आणि भजं उशिराच वर येत होतं.

अशा गोष्टी तिच्या डोक्यातून जात नसत. पहिल्या बाळंतपणानंतर तर मुळीच नाही. स्थानकावर जन्मलेलं पहिलं मूल तिचंच. चैत्राली. अकरा महिन्यांची. ती किती घास खाते, किती वेळ झोपते, कुठल्या कुशीवर झोपते, सगळं त्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहिलेलं होतं. चैतू आठव्या महिन्यात उभी राहिली, दहाव्यात चालली. पाळणाघरातल्या ताई म्हणत, "अहो, वाऱ्यावर चालते तुमची लेक!" देवरुखला शाल्मलीच्या बहिणीचा मुलगा त्याच वयाचा होता आणि अजून रांगत होता. पण पडद्यावर त्या मुलाच्या पोटऱ्या कशा गुटगुटीत दिसत, आणि चैतूच्या... शाल्मलीने दोनदा डॉक्टरांना विचारलं होतं. दोन्ही वेळा उत्तर एकच मिळालं: प्रत्येक मूल वेगळं असतं, तुम्ही फार काळजी करता. चार महिन्यांनी मायलेकी पृथ्वीवर परतणार होत्या. चैतूच्या बाबांनी चिपळूणच्या घरात तिच्यासाठी लाकडी पांगुळगाडा आणूनही ठेवला होता.

"आता काय करायचं?" सोनाबाईंनी विचारलं.

"खालचा शीतकप्पा बघते."

तापनळ्यांच्या खाली तेलाचा एक थर मुद्दाम कमी गरम राहील अशी या यंत्राची रचना होती. भज्यांतून सुटलेला चुरा त्या थरात जाऊन बसतो आणि करपत नाही. शाल्मलीने नमुन्याची नळी घालून तिथलं तेल काढलं. चुरा जेमतेम चमचाभर निघाला. बाकीचा अजून वरच, तापनळ्यांच्या आसपास तरंगत करपत होता. तेल काळं पडणार नाही तर काय!

चुरा का बसत नाही? तिने मान वर केली. सोनाबाईंनी घाणा काढून जाळी हुकाला टांगली होती. जाळीच्या कडेला तेलाचे थेंब जमत होते. टपोरे. लोंबकळत, फुगत राहत होते आणि मग सुटत होते. पडतानाही त्यांना घाई नव्हती.

शाल्मलीने वहीतली यादी पुन्हा उघडली.

भजं वर येतं, कारण तेल त्याच्यापेक्षा जड आणि ते खाली ओढलं जातं. चुरा खाली बसतो, कारण तो खाली ओढला जातो. भज्याचं तेल निथळतं, फेस विरतो, नळ्यांजवळचं तापलेलं तेल वर जाऊन गार तेल खाली येतं, सगळं त्या एका ओढीवर चालतं. तिच्या यादीत चार दुखणी नव्हतीच, एकच होतं. आणि ते यंत्राचं नव्हतं.

"मावशी, सुतळी आहे?"

"आता सुतळी कशाला?"

"आणि तो बत्ता द्या. खलातला."

तिने बत्ता सुतळीला बांधला. हुकापासून बत्त्याच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर मोजला आणि हळूच झोका दिला. पृथ्वीवर एवढ्या लांबीच्या लंबकाला जाऊन परत यायला दोन सेकंद लागतात. दहा झोक्यांना वीस. तळणयंत्राच्या घड्याळावर बोट ठेवून ती मोजू लागली. सोनाबाईही ओठ हलवत मोजत होत्या.

चोवीस.

पुन्हा मोजलं. चोवीस. तिसऱ्यांदा सोनाबाईंनी घड्याळ धरलं. "चोवीसच की गं. म्हंजे?"

"म्हणजे तेल गरमच होतं, मावशी. तुमचं काही चुकलेलं नाही." शाल्मलीने झोके घेणारा बत्ता थांबवला. "आपलं वजन कमी झालंय. शंभराचं एकोणसत्तर."

"काहीतरीच. परवाच काट्यावर उभी ऱ्हायले. अठ्ठावन भरले, वरसापासनं तेवढीच."

शाल्मलीला काट्याचंही कोडं सुटलं. इथला प्रत्येक काटा रोज सकाळी प्रमाण वजन ठेवून स्वतःला जुळवून घेतो. ओढ कमी झाली तर ते प्रमाण वजनही तेवढंच हलकं होतं, आणि काटा त्यालाच पूर्ण धरून चालतो. अंगाला कळायला हवं होतं, पण इथे दिवसातून दहादा वरच्या मजल्यांवर ये-जा होते. आसाजवळ हलकं, खाली जड. नेमकं किती म्हणजे नेहमीचं, हे अंग केव्हाच विसरलेलं.

* * *

चाकाचं फिरणं सांभाळणारे भ्रमणप्रमुख डॉ. हणमंत बिडकर यांनी तिचं ऐकून घेतलं. मग उठून दार लावलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"भज्यांनी."

ते हसले नाहीत. "चाकाच्या एका आऱ्याला चीर आहे. चौदा महिन्यांपूर्वी सापडली. पूर्ण वेगाने फिरत राहिलो तर आरा तुटेल, आणि आरा तुटला तर चाकच राहणार नाही. म्हणून वेग उतरवला. रोज थोडासा, कुणाला जाणवणार नाही इतका. आता आणखी उतरवायचा नाही. नवा आरा पाच महिन्यांनी येईल."

"आणि आम्हाला सांगायचं नाही?"

"दोनशे माणसं आणि एका वेळी आठ जण नेणारं यान. रोज चिरेकडे बघत बसली असती सगळी." त्यांनी डोळे चोळले. "शाल्मली, मी बेफिकीर नाही हो. हाडांचे तीन तज्ज्ञ बसवले होते. सत्तर टक्क्यांच्या आसपास दोन वर्षं काढली तरी माणसाला कायमची इजा नाही, असं त्यांनी लिहून दिलंय."

"माणसाला म्हणजे मोठ्या माणसाला."

"तेव्हा इथे मूल नव्हतं."

"माझी हाडं तयार झालेली आहेत, सर. तिची होतायत. पहिल्या वर्षी पायांवर जेवढा भार पडतो, तेवढीच ती मजबूत होतात. तेवढ्याच हिशेबाने." तिने वही छातीशी धरली होती. "एकोणसत्तर टक्क्यांवर घडलेली हाडं घेऊन मी तिला चिपळूणला उतरवू?"

बिडकरांनी कागद ओढला, एक आकडा लिहिला, आणि मग त्यांचा हात थांबला.

"काय झालं?"

"एकोणसत्तर तुम्ही कुठे मोजलंत?"

"स्वयंपाकघरात."

"तळमजल्यावर." त्यांनी पेन खाली ठेवलं. "आसापासून साठ मीटर. तज्ज्ञांनाही मी तळमजल्याचाच आकडा दिला होता. ओढ आसापासूनच्या अंतरावर ठरते. जितकं आसाजवळ, तितकी कमी. पाळणाघर कुठे आहे?"

तिला उत्तर ठाऊक होतं. चौथा मजला, त्यांच्या राहत्या खोलीला लागूनच. बारा मीटर वर.

"अठ्ठेचाळीस मीटर," बिडकरच म्हणाले. "म्हणजे पंचावन्न टक्के. निम्म्याहून जरा जास्त."

वाऱ्यावर चालते तुमची लेक. शाल्मलीने विचारलं, "पाळणाघर वर कोणी नेलं? मूळ आराखड्यात मुलांची खोली तळमजल्यावरच असेल ना? जिथे वजन पूर्ण, तिथे?"

"असायला हवी." त्यांनी पडद्यावर जुना आराखडा उघडला. "होती. स्वयंपाकघराला लागूनच." त्यांनी बदलाची नोंद शोधली, वाचली आणि पडदा तिच्याकडे वळवायला कचरले. तिने तो स्वतःच वळवला.

अर्ज तेवीस ओळींचा होता. भिंतीपलीकडे अठरा लिटर तेल दिवसभर एकशे पंचाहत्तर अंशांवर असतं. अतितापरोधक निकामी झाला तर तेल पेट घेऊ शकतं. अशा यंत्राशेजारी तान्ह्या बाळाला झोपवणं कोणत्याही आईला मान्य होणार नाही. तरी पाळणाघर स्वयंपाकघरापासून शक्य तितकं दूर, वरच्या मजल्यावर असावं. सातव्या महिन्यात, पोटावर वही टेकवून तिने हा मजकूर तीनदा खोडून पुन्हा लिहिला होता, आणि बाळंतपणाच्या धांदलीत पार विसरून गेली होती. खाली सही तिचीच होती.

"तेव्हा तो अर्ज बरोबरच होता," बिडकर हळू आवाजात म्हणाले. "मीच मंजूर केला. वेग उतरवायला आम्ही आधीच सुरुवात केली होती, मला सुचायला हवं होतं. मला फक्त तेल दिसलं."

"मलाही," ती म्हणाली. "अजून चार महिने आहेत. सगळं भरून निघेल?"

"बरंचसं. सगळं की नाही, हे कुणीच सांगू शकणार नाही. पण या स्थानकावर सर्वांत जास्त वजन तळमजल्यावरच मिळतं, आणि मुलांच्या जुन्या खोलीचं कोठार झाल्यापासून तिथे मोकळी फरशी फक्त स्वयंपाकघरात उरलीय."

* * *

सोनाबाईंनी सगळं ऐकलं आणि तळणयंत्राचं बटण बंद केलं.

"मावशी, उद्याची भजी?"

"उकडून घालीन मुटकुळी. खातील. न्हाय खाल्ली तर माझ्यासमोर येऊन बोलूदे." त्यांनी भिंतीवरचा मुख्य खटकाही ओढला. "किती अंशावर आलं म्हंजे त्याल काढता येतं?"

"साठच्या खाली."

"मग तवर पोर आत न्हाय. दारात बस तिला घिऊन."

दोन तास लागले. शाल्मली दाराबाहेर चैतूला मांडीवर घेऊन बसली होती आणि पटलावरचा आकडा उतरताना पाहत होती. एकशे दहा. ब्याऐंशी. साठ. एकोणसाठ झाल्यावर तिने चैतूला दारापाशीच बसवलं, खालचा नळ उघडून तेल बंद पिंपात सोडलं, पिंप कुलपात ठेवलं, टाकी पुसली. मग सळई टाकीच्या तळाला लावून पुन्हा बघितलं. मग हातही लावून बघितला.

सोनाबाईंनी फरशी दोनदा पुसून त्यावर सतरंजी घातली होती. शाल्मलीने चैतूला सतरंजीवर उभं केलं आणि हात सोडले.

चैतूने नेहमीसारखं पाऊल उचललं. पाऊल तिच्या अंदाजाच्या आधीच खाली आलं. गुडघे लटपटले, आणि ती धपकन बसली. क्षणभर ती नुसती बघत राहिली, जणू कुणीतरी तिला खालून ओढलं होतं. मग तोंड वाकडं करून रडू लागली आणि दोन्ही हात आईकडे वर केले.

शाल्मली पुढे वाकली.

"उचलू नगंस," सोनाबाई म्हणाल्या. "लागलेलं न्हाय तिला. जड झालंय निस्तं. उठूदे तिचं तिला."

शाल्मली सतरंजीच्या कडेला बसली. हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं. चैतू रडत होती, आईच्या हातांची वाट बघत होती. ते हात आले नाहीत. बऱ्याच वेळाने तिने तळवे सतरंजीवर टेकले, ढुंगण वर केलं आणि थरथरत्या पायांवर जोर द्यायला सुरुवात केली.