जिजींचं विरजण

द्वारकाबाईंच्या घरचं दही सुरीने कापावं लागायचं. कोपरला, स्टेशनच्या पश्चिमेला, त्यांच्या इमारतीत ही गोष्ट झाडून सगळ्यांना ठाऊक होती, कारण द्वारकाबाईंनीच ती सगळ्यांना सांगितली होती. विरजण सासूबाईंचं, म्हणजे जिजींचं. जिजींना ते त्यांच्या सासूने दिलेलं, आणि त्या सासूला कुणी दिलं हे विचारायची तेव्हा कुणाची छाती नव्हती. जुनं कौलारू घर गेलं, त्या जागी सात मजली इमारत आली, चूल गेली, रॉकेलचा स्टोव्ह गेला, खुद्द जिजींना जाऊन वीसेक वर्षं झाली. विरजण तेवढं तेच राहिलं.

इतकी वर्षं दही लावलं, पण जिजी एकदाही 'बरं लागलंय गं' म्हणाल्या नाहीत. सकाळी यायच्या, दह्याला उजव्या हाताची अनामिका टेकवायच्या आणि 'हं' म्हणायच्या. तरुणपणी विळीवर सापडून त्या बोटाचा शेंडा तिरका तुटलेला, त्यामुळे दह्यावर खळगाही तिरका पडायचा. त्या 'हं'चा अर्थ काय, हे द्वारकाबाईंना सत्तरी उलटली तरी लागलेला नव्हता. चौथीत शाळा सुटलेली बाई. पण घरात शब्द तिचाच. मुलगा सौमित्र नोकरीसाठी पुण्याला, सून देवयानी बँकेत साहेब; तीही दह्याच्या पातेल्याला विचारल्याशिवाय हात लावायची नाही. असं सगळं असून एका म्हातारीचं एक 'हं' द्वारकाबाईंच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून राहिलेलं होतं.

नात क्षिप्रा विद्यापीठात पीएच.डी. करत होती. एक दिवस येऊन म्हणाली, "आजी, आमच्या संशोधनाला तुझं विरजण पाहिजे."

"विद्यापीठात म्हशी पाळल्यात का आता?"

"ऐक तरी. डॉक्टर लोक त्यातले जंतू बघणार, ते खाल्ल्यावर माणसांच्या पोटात काय फरक पडतो ते तपासणार. समाजशास्त्राचे लोक बघणार, बायका एकमेकींना वारसा म्हणून काय देतात. आणि आम्ही आठवणी रेकॉर्ड करणार."

"एका चमचाभर दह्यावर एवढी माणसं पोट भरतात, म्हणजे बरकत आहे हो माझ्या दह्याला."

विरजणाचे घरात दोन नेम होते. दिवा लागल्यावर ते उंबऱ्याबाहेर द्यायचं नाही, आणि वाटी कधी पुसून द्यायची नाही. चमचाभर तरी मागे राहिलंच पाहिजे. विद्यापीठाची गाडी दुपारी यायची होती. ती शीळफाट्याला अडकली आणि पोचली तेव्हा देवापुढे वात लागलेली. प्रकल्पाच्या प्रमुख सुमेधा मॅडम स्वतः आल्या होत्या. साधी, हसरी बाई. त्यांनी कॅमेरा लावला, द्वारकाबाईंना खुर्चीत मधोमध बसवलं आणि म्हणाल्या, "आजी, अशी विरजणं आता बोटावर मोजण्याइतकी उरलीत. आम्हाला एवढंसं पुरे." त्यांनी करंगळीएवढी बाटली काढली.

"एवढंसं?" द्वारकाबाई म्हणाल्या. "आमच्या घरातून आजवर कुणी एवढंसं नेलेलं नाही."

आणि कॅमेऱ्यासमोर त्यांनी अख्खी वाटी मॅडमच्या मोठ्या बरणीत उपडी केली. कडेला लागलेलंही बोटाने निपटून घातलं. बाकीचं दही दुपारीच कढीत गेलेलं होतं. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा गाडी गल्लीच्या बाहेर पडली होती.

"आई, स्वप्नाकडून आणते ना विरजण," देवयानी म्हणाली.

"आण. पण माझ्यासाठी आहे म्हणून सांगू नकोस. तुझ्यासाठी म्हण."

शेजारच्या स्वप्नाचं विरजण घातलं. सकाळी पातेल्यात दूध होतं. डेअरीचं दही आणून घातलं, दूधच. मिरचीचे देठ टाकून झाले, चांदीचं नाणं टाकून झालं. दूध दहीही होईना आणि नासेही ना. भर वैशाखात ओट्यावर राहिलेलं दूध तिसऱ्या दिवशीही नुकतं काढल्यासारखं गोड लागत होतं.

"हवामान बदललंय, आई."

"हवामान दुधाला कळतं, तुला कळतं, मलाच तेवढं कळत नाही!"

भुतंखेतं द्वारकाबाईंना मान्य नव्हती. भुतं रिकामटेकड्यांना दिसतात, मला वेळ नाही, असं त्या म्हणायच्या. पण स्वयंपाकघर बदललं होतं हे खरं. गर्दीच्या घरातून एखादं माणूस उठून जावं आणि त्याची जागा तशीच राहावी, तसं. झाकण आपटलं तरी कुणाला त्रास होत नव्हता. मीठ जास्त पडलं तरी पाठीमागून काही येणार नाही, असं वाटत होतं. आजवर पाठीमागून काही येईल असं वाटत होतं, हेच मुळी त्यांना आता कळलं.

शेवटी त्यांनी फोन लावला. "क्षिप्रे, माझं विरजण परत आण. मी दिलं ते चुकलं."

पलीकडे नातीने कुणाशी तरी हळू आवाजात बोलून घेतलं. मग म्हणाली, "आजी, तूच ये ना इकडे. मॅडमना तुझ्याशी बोलायचंय. मी घ्यायला येते."

ठाण्यात माजिवड्याला उड्डाणपुलाच्या पलीकडे विद्यापीठाचं ते केंद्र होतं. काचेची इमारत, आत थंडगार हवा, फिनाइलचा वास. तिसऱ्या मजल्यावर क्षिप्राने एक दार ढकललं आणि द्वारकाबाई दारातच थबकल्या. आत खाडीकडून येणाऱ्या वाऱ्याचा वास होता. त्यात रॉकेलचा, ओल्या जळणाचा, आणि घुसळलेल्या ताकाचा. त्यांनी खिडक्यांकडे पाहिलं. खिडक्या उघडणाऱ्यातल्या नव्हत्याच.

"तुम्हालाही येतो ना वास?" सुमेधा मॅडमनी विचारलं. "आम्ही एसीवाल्याला दोनदा बोलावलं."

त्यांनी एक कपाट उघडलं. आत काचेच्या छोट्या बरण्यांच्या रांगा. कल्याणच्या घरातलं विरजण, कळव्याचं, वसईचं, मुरबाडच्या एका पाड्यावरचं. सगळ्यांची नावं वेगळी, आणि दही मात्र एकाच हाताचं लावल्यासारखं. घट्ट, किंचित पिवळसर.

"पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचं वेगळं लागायचं," मॅडम म्हणाल्या. "तुमचं आलं आणि हळूहळू सगळी अशी झाली. मिसळ होऊ नये याची सगळी काळजी घेतो आम्ही. तरी मिसळ झाली असेल, ते एक वेळ समजू शकते. पण हे बघा."

त्यांनी एक बरणी उजेडात धरली. दह्याच्या पृष्ठभागावर मधोमध एक खळगा होता. दुसऱ्या बरणीतही होता. तिसऱ्यातही. प्रत्येक खळगा एका बाजूला तिरका.

"झाकण सील करून मगच आत ठेवतो. हे कशाने होत असेल?"

"बोटाने," द्वारकाबाई म्हणाल्या.

"कुणाच्या?"

त्या खुर्ची ओढून बसल्या आणि पाणी मागितलं.

मग मॅडमनी दुसरी गोष्ट सांगितली. पोटाच्या तपासणीसाठी काही माणसं रोज इथलं दही खात होती. ठाण्या-कल्याणची, एकमेकांना न ओळखणारी. दर आठवड्याला त्यांच्याशी गप्पा होत, आणि पहिला प्रश्न सगळ्यांना एकच: तुमच्या घरी दही कोण लावायचं?

"हा सुशांत," क्षिप्राने आजीच्या कानांवर हेडफोन चढवले. "कल्याणला मोबाइलच्या दुकानात असतो."

पोराचा आवाज हसरा होता. "आमच्याकडे कसलं, मॅडम, पिशवीचं दही. मम्मीला टाइम कुठे असतो." मग तोच आवाज, पण सावकाश, प्रत्येक शब्द तोलून. "सून पेणची आणली. पोरच होती. पहिल्या दिवशी तिचं दही लागलं नाही, तर दुधात लिंबू पिळलंन आणि पुढ्यात ठेवलंन. मला वासावरूनच कळलं. ती दारात उभी राहून माझ्या ताटाकडे बघत होती. मी मुकाट्याने जेवले."

द्वारकाबाईंनी हेडफोन दोन्ही हातांनी धरले.

त्या लिंबाच्या साली त्यांनी पदरात बांधून नेल्या होत्या आणि विहिरीमागे माती उकरून पुरल्या होत्या. विहीर बुजवून आता तिथे पार्किंग आहे. ही गोष्ट त्यांनी नवऱ्यालासुद्धा, त्र्यंबकरावांनासुद्धा, ते जाईपर्यंत सांगितलेली नव्हती.

"ही लुसी आंटी. वसईच्या, रिटायर्ड नर्स."

लुसीचा आवाज जाडसर होता. आधी ती नातवाबद्दल काहीतरी सांगत होती. मग अडखळली.

"तिच्या हातचं दही माझ्यापेक्षा सरस लागतं. रोज बोट लावून बघते. एकदाही फसलं नाही."

कुठेतरी भांडं सरकल्यासारखा आवाज.

"मी सांगत नाही तिला. घरच्याच माणसाची दृष्ट आधी लागते. हाताचा गुण जातो. हं म्हणते आणि पुढे जाते."

द्वारकाबाईंनी डोळे मिटले.

"आजी?" क्षिप्रा म्हणाली. "बरं वाटत नाहीये का?"

"परत लाव."

क्षिप्राने परत लावलं. त्यांनी तिसऱ्यांदाही लावायला सांगितलं.

"आम्ही त्यांना मागाहून विचारलं," सुमेधा मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "त्यांना बोललेलं आठवतं. खोटं वाटत नाही म्हणतात. फक्त हे कधी घडलं ते सांगता येत नाही. आजी, मी वीस वर्षं या क्षेत्रात आहे. याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही."

द्वारकाबाईंनी पदराने डोळे पुसले. "तुमच्या एसीतून कचरा येतो डोळ्यात," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "बघा ना. एवढी वर्षं एका ताटात जेवलो. म्हातारीने वसईच्या बाईला सांगितलं, पण मला नाही!"

आणि त्या हसल्या. इतक्या हसल्या की क्षिप्रालाही हसू आलं, मॅडमनाही.

निघताना त्यांनी एक छोटी बरणी मागून घेतली. मॅडम सगळंच द्यायला निघाल्या, तर यांनी हात धरला. "राहू दे थोडं इथे. तिला बोलायला माणसं मिळालीत. आमच्याकडे कुठे कुणाला बोलू द्यायची मी."

त्या संध्याकाळी दूध विरजलं आणि सकाळी दही लागलं. सुरीने कापावं असं. द्वारकाबाईंनी पहिली वाटी स्वप्नाकडे स्वतः नेऊन दिली, वर साखर घालून. पुढचा महिनाभर इमारतीत त्या कुणालाही टाकून बोलल्या नाहीत. वॉचमनने देवयानीला अडवून विचारलं, "माँजींची तब्येत ठीक आहे ना?" तब्येत उत्तम होती. झोप लागत होती, अन्न गोड लागत होतं. कधीमधी दुपारी डोळा लागला की त्यांना एक सावळी पोर दिसायची, दारात उभी, केस ओले, हातात वाटी. ती आपणच हे कळायला वेळ लागायचा, कारण स्वतःला असं समोरून त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. पोर बरी होती दिसायला. उगीच घाबरत होती.

विरजणाचा एक वाटा दर पंधरवड्याला माजिवड्याला जायचा, दिवसाउजेडी.

श्रावण लागला त्या सुमाराला एका संध्याकाळी क्षिप्राचा फोन आला. द्वारकाबाईंनी नुकतंच दूध विरजून ठेवलं होतं.

"आजी, मॅडम भलत्याच खूश आहेत! तुझ्याकडून आलेलं ताजं दही नव्या लोकांना दिलं ना, त्यातला एक केनेथ म्हणून आहे, उत्तनचा. तो आज बोलला. पण जिजी नाही गं. तू!"

"मी?"

"तूच. सून बँकेत आहे म्हणाला, नात शिकते म्हणाला. म्हणजे गेलेल्या माणसांचंच येतं असं नाही, जिवंत माणसांचंही येतं! सगळं नव्याने मांडावं लागणार आता. आणि आईचं काय कौतुक केलंयस तू, आजी! तोंडावर तर कधी बोलत नाहीस."

द्वारकाबाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. "आणखी काय म्हणाला?"

"काही खास नाही. थांब, लावते." खरखर झाली. मग एका परक्या पुरुषाचा शांत, समाधानी आवाज आला.

"त्या दिवशी कामवाली आली नव्हती. पातेली सगळी सिंकमध्ये. म्हणून दूध निळ्या डब्यात विरजलं. सकाळी देवयानीने झाकण काढलं. छान लागलं होतं. मी काही उठले नव्हते."

"एवढंच," क्षिप्रा म्हणाली. "आईला ऐकवू का आत्ता? स्पीकरवर टाक ना."

"आत्ता नको."

"मग कधी?"

द्वारकाबाईंनी क्षणभर विचार केला. "उद्या दुपारी ऐकव. बाबाला पुण्याहून येऊ दे. सगळे जमले की ऐकव."

"का? उद्या काय आहे?"

"शनिवार आहे," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बाहेरून देवयानीची हाक आली. "आई, चहा टाकू का?"

"टाक. आणि माझ्यात साखर घाल आज."

"डॉक्टरांनी सांगितलंय ना आई..."

"घाल म्हणते ना."

देवयानी आत आली, बाह्या वर सारल्या आणि सिंकमधल्या ढिगातून चहाचं भांडं उपसून घासायला लागली. द्वारकाबाई तिच्या पाठीकडे बघत स्टुलावर बसल्या. ओट्याच्या कोपऱ्यात, दुपदरी पंचाखाली, निळा डबा अजून कोमट होता.