बावीस पावलं

दिवा राहू द्या, मालवू नका. गोष्ट सांगतो, पण ती अंधारातच सांगायची असला हट्ट नको. या वयात अंधारात मला भूत भेटत नाही, फक्त ठेच लागते.

आणि आधीच सांगून ठेवतो, मी काही पाहिलेलं नाही. मी बाहेर गाडीत बसलो होतो. ही गोष्ट आमच्या ऑफिसातल्या ताईंची. तिथे मी सतरा वर्षं गाडी चालवली. ऑफिस कसलं, तीन खोल्या आणि नुसती कपाटं, कपाटांत माणसांचे जबाब. धरपकडीच्या वर्षांत ज्यांना घरातून उचलून नेलं, कोंडलं, मारलं, त्यांतले जे परत आले त्यांच्याकडे जायचं, त्यांचं ऐकायचं, शब्द न् शब्द लिहून घ्यायचा, आणि मग तो खरा आहे का ते ताडून बघायचं, हे ताईंचं काम. एकोणीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. लोक विचारायचे, हे सगळं ऐकून रडू येत नाही का हो? ताई म्हणायच्या, "येतं की. पण आधी तारीख नीट लिहून घ्यावी लागते."

हसू नका. खरंच अशाच बोलायच्या. दमलेल्या माणसाचा विनोद असतो तो, तुम्हाला अजून कळायचा नाही.

तर चार वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबरची अठरा तारीख, गुरुवार. काम अगदी साधं होतं. बस डेपोच्या मागच्या गल्लीत एक जुनं घर आहे, तिथे एका गादीवाल्याचं गोदाम होतं. त्याच्याकडून किल्ली घ्यायची, ताईंना आत तासभर काहीतरी बघायचं होतं, आणि नऊच्या आत किल्ली परत करायची. मी बायकोला फोन करून सांगितलं, जेवायला घरीच येतोय.

त्या घराचं काय होतं ते सांगतो. धरपकडीत लोकांना डोळे बांधून एका घरात ठेवत, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. कुठलं घर, ते कुणालाच नाही. अकरा माणसं तिथून परत आली नव्हती. एक घड्याळजी मात्र परत आला होता. घड्याळं दुरुस्त करणारा, बोलायला तुटक, पण मोजण्यात पक्का. डोळे बांधलेले असले तरी त्याने कानांनी आणि पायांनी सगळं मोजून ठेवलं होतं. रोज रात्री आठला समोरच्या इमारतीत पाण्याचा पंप सुरू व्हायचा. मुख्य दारापासून सरळ बावीस पावलं, मग उजव्या हाताला खोलीचं दार. सगळं जबाबात होतं. त्यावरून चार वर्षं गल्ल्या पालथ्या घालून ताईंनी हे घर शोधलं होतं. पंप जुळला. गल्ली जुळली. पावलं जुळेनात.

ताईंनी दोनदा जाऊन मोजलं. आत लांबलचक बोळ, आणि बाराव्या पावलाला समोर भिंत. बावीस पावलं चालायची तर भिंतीतून पलीकडच्या गटारात उतरावं लागलं असतं. चौकशी आयोगासमोर विरुद्ध बाजूच्या वकिलाने नेमकं तेच पकडलं. भर सभागृहात घड्याळजीला विचारलं, "बावीसपर्यंत आकडे येतात ना तुम्हाला?" लोक हसले. त्याची बायको मागच्या रांगेत बसली होती. त्या दिवसापासून घड्याळजीने दुकान उघडलं नाही. माझं मोजणं चुकलं म्हणतात, मग लोकांनी घड्याळं कशाला द्यावीत माझ्याकडे, असं म्हणायचा.

शुक्रवारी सकाळी अकराला आयोग अशा घरांची शेवटची यादी करणार होता. पावलं जुळली नाहीत तर हे घर यादीतून बाद, जबाब बाद, आणि घड्याळजी कायमचा खोटारडा. त्या अकरा माणसांच्या घरच्यांनी मग विचारायचं तरी कुणाला? म्हणून ताईंना त्या रात्री आठ वाजता, पंप सुरू असताना, एकदा डोळे बांधून चालून बघायचं होतं. डोळे उघडे ठेवून काही सापडत नव्हतं ना.

"मी येऊ का आत?" मी विचारलं.

"नको काका. गाडीत बसा. आत गाद्यांशिवाय काही नाही."

मीही फार आग्रह केला नाही. सकाळी सहापासून गाडी हाणत होतो, पाठीचा भुगा झाला होता. सात पन्नासला ताई आत गेल्या. मी सीट मागे केली, पण झोपलो नाही. हे नीट ऐका. झोपलो नाही आणि दार उघडून बाहेर पायही टाकला नाही. फाटक माझ्या समोर होतं. ताईंशिवाय आत कुणी गेलं नाही.

पुढचं ताईंनी मला नंतर सांगितलेलं.

आठला पंप सुरू झाला. भिंतीतून घरघर यायला लागली. ताईंनी मुख्य दाराला पाठ टेकली, गळ्यातला स्कार्फ डोळ्यांवर बांधला, घट्ट गाठ मारली. दोन्ही बाजूंना गाद्यांचे ढीग. कापसाचा तो कोंदट वास. स्वतःचा श्वाससुद्धा नीट ऐकू येत नव्हता, म्हणाल्या.

एक.

दोन.

आणि डाव्या कोपराला कुणीतरी धरलं.

त्यांना वाटलं मी. दुसरं कोण असणार? त्या म्हणाल्या, "अहो काका, पडत नाहीये मी. सोडा."

हात सुटला नाही.

जोराने धरलेला नव्हता. आजारी माणसाला न्हाणीघरापर्यंत नेताना धरतो तसा. ताई चिडल्या नाहीत. दिवसभराच्या दमल्या होत्या, आधार बरा वाटला, असं त्यांनीच कबूल केलं. पुढचं पाऊल टाकायला गेल्या तर हाताने मागे ओढलं. हळूच. पाय नेहमीसारखा पुढे जाईना. अर्धाच गेला.

तीन.

पुन्हा तसंच. अर्धं पाऊल... थांबा. अर्धं पाऊल... थांबा.

"काका, काय चाललंय?"

उत्तर नाही.

आता मी किती बडबड्या आहे तुम्हाला ठाऊक आहे. ताईंनाही ठाऊक होतं. सिग्नलला उभा राहिलो तरी माझं तोंड बंद नसतं. मी गप्प?

नऊ... दहा...

तिथे त्यांच्या लक्षात आलं. हा हात थंड नव्हता. गरम होता. तापाने फणफणलेल्या माणसाचा असतो तसा.

अकरा.

स्कार्फ सोडावा असं मनात आलं. हात वर गेला नाही.

बारा...

बाराव्या पावलाला भिंत लागायला हवी होती. लागली नाही.

तेरा. चौदा...

पंप चालूच होता. त्या मोजत राहिल्या. एकोणीस वर्षांची सवय. भीती वाटली तरी मोजायचं.

वीस.

एकवीस.

बावीस.

हात थांबला. ताईंना उजवीकडे वळवलं. आणि...

सुटला.

पंपही बंद झाला होता. कधी झाला, ते त्यांना कळलं नाही.

ताईंनी स्कार्फ काढला. समोर गाद्यांचा ढीग, मध्ये एक फट. फटीतून हात घालून त्यांनी भिंतीवर बोटांनी वाजवलं. पोकळ आवाज आला. आत फळ्या होत्या, वर नुसता गिलावा.

त्या बाहेर आल्या, मागच्या सीटवर बसल्या. आठ वाजून बावीस मिनिटं झाली होती. मी म्हटलं, "झालं? किल्ली देऊन टाकू?"

"तुम्ही आत कधी आलात?"

"कोण, मी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मांडीवर चहाचा कप होता, थर्मासचं झाकण उघडं होतं, पायांतले बूटही मी काढून ठेवले होते. त्यांनी ते सगळं बघितलं. मग म्हणाल्या, "तळपायांवर मारलं होतं त्याला. जबाबाच्या तिसऱ्या पानावर मी स्वतः लिहिलंय. सूज आली, टाच टेकवत नव्हती. हे सगळं लिहून घेतलं, काका, आणि मोजायला गेले ती माझ्या धडधाकट पायांनी."

असा तो घोळ होता. शिकल्यासवरल्या माणसांनीच करावा असा. मोजपट्टी होती, नकाशा होता, वकील होते. मार खाल्लेला माणूस केवढं पाऊल टाकतो, हे मात्र कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

किल्ली देऊन आम्ही थेट घड्याळजीकडे गेलो. दार त्याच्या बायकोने उघडलं. तो टेबलाशी बसला होता, पुढ्यात उघडं घड्याळ, पण हातात काही नाही. आत काय झालं ते ताईंनी त्याला अवाक्षरही सांगितलं नाही. तो त्यांच्या कामाचा नियमच आहे. आपण सुचवायचं नाही, साक्षीदाराने आपणहून सांगायचं. त्यांनी एवढंच विचारलं, "दारापासून खोलीपर्यंतच्या चालण्याबद्दल आणखी काही सांगायचं राहिलंय का?"

मी दाराशी उभा होतो. भिंतीवर आठ-दहा घड्याळं, सगळ्यांची टिकटिक वेगळी.

"राहिलंय," तो म्हणाला. "पण ते मी हिलाही सांगितलेलं नाही."

"काय सांगितलेलं नाही?" बायकोने विचारलं.

"मी एकटा चालत नव्हतो. चालताच येत नव्हतं. आणखी एक कैदी होता, त्याला पहारेकरी आम्हाला आणायला-न्यायला लावायचे. माझं डावं कोपर धरायचा. चालताना बोलायची बंदी होती. पाऊल मोठं पडलं तर हातानेच मागे ओढायचा. स्वतः तापाने भाजत होता, पण..."

ताईंनी घाई केली नाही.

"नवव्या रात्री मार खायला जायची माझी पाळी होती. मला उठवेना. तो म्हणाला, हा बेशुद्ध आहे, मला न्या. मी बेशुद्ध नव्हतो हो. मी ऐकत होतो. ऐकत पडून राहिलो. तो परत आला नाही आणि मी... मी त्याला नावसुद्धा विचारलं नव्हतं."

बायको त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. वीस वर्षं हे उराशी धरून बसलात आणि मला परकी समजलात, असं काहीतरी म्हणाली, आणि मग रडली. मला तिथे उभं राहवेना.

ताई लिहीत होत्या. उजव्या हाताने. डावा हात टेबलाखाली होता. मी दारातून बघत होतो म्हणून दिसलं, नाहीतर कळलंही नसतं, की त्या मुठीत तो स्कार्फ आवळून धरला होता.

शुक्रवारी आयोगाने यादी दुपारपर्यंत थांबवली आणि सगळे त्या घरात जमले. गादीवाला, आयोगाचा मोजणीदार, फोटोग्राफर, तो वकील, आणि घड्याळजी, बायकोच्या हाताला धरून. मजुराने गिलावा फोडला, फळ्या उपसल्या. मागे दार. दाराला बाहेरून कडी, कडीवर गंजाचा पापुद्रा. वीस वर्षांत ती हलली नव्हती, हे मोजणीदाराने स्वतः लिहून दिलं. कडी करवतीने कापावी लागली.

आत खिडकी नाही. भिंतीत लोखंडी कड्या. घड्याळजीने सांगितलं होतं तसंच, डावीकडे तीन, उजवीकडे दोन. वकिलाने त्या दोनदा मोजल्या. घर यादीत राहिलं. घड्याळजीने सोमवारी दुकान उघडलं, आणि त्याच्या जबाबाला एक पान वाढलं, बिननावाच्या माणसाचं.

पण आत पहिला पाय टाकायच्या आधी फोटोग्राफरने हात आडवा करून सगळ्यांना थांबवलं होतं. "आत कुणी गेलं होतं का?" त्याने विचारलं.

कोण जाणार?

जमिनीवर बोटभर धूळ होती. धुळीत पावलं होती. अनवाणी. समोरच्या कोपऱ्यापासून निघालेली... दारापर्यंत आलेली... अर्धं अर्धं पाऊल टाकत. ताजी. त्यांच्यात धुळीचा कण नव्हता.

आत जाणारं एकही नव्हतं.

फोटो काढलेला आहे. एकतीस नंबरचा. ताईंच्या फाइलमध्ये प्रत्येक फोटोखाली त्यांच्या हाताने एक ओळ लिहिलेली आहे, हे कशाचं, कधीचं, कुणी काढलं. एकतिसाव्याखाली त्यांनी तारीख घातलीय. पुढची जागा कोरी आहे.