पिल्लाची हाक

हॉइट टिंडलचा धंदा सरकारमान्य होता. माणसांच्या वस्तीत आलेल्या मगरी मारायच्या आणि मोबदला म्हणून त्यांचं कातडं आणि मांस घरी न्यायचं. फ्लोरिडाच्या त्या भागात या धंद्याला मंदी ठाऊक नव्हती. दलदलीवर भराव घालायचा, भरावाची माती तिथूनच खणायची, खड्ड्यात पाणी साचलं की त्याला तळं म्हणायचं आणि तळ्याकाठच्या बंगल्याला जास्त भाव लावायचा, असा तिथला रिवाज. मगरींना यातलं काही कळवलेलं नसल्यामुळे त्या पूर्वीसारख्याच तिथं राहत होत्या. मध्यंतरी कायद्यानं अभय दिल्यामुळे भरपूर वाढल्याही होत्या. मग सरकारनं ठरवलं की चार फुटांहून लांब मगर तक्रार आल्यास उपद्रवी आणि चार फुटांखालची निरुपद्रवी. स्वभावाचा प्रश्न असा फूटपट्टीनं सुटला होता.

त्या दुपारी हॉइटला बोलावणं आलं ते एका नव्या वसाहतीतून. तळ्याकाठी सेक्रेटरीणबाई बेटिना क्रॉस्ली छत्री धरून उभ्या होत्या. निवृत्तीनंतर ओहायोहून ऊन शोधत आल्या होत्या, आणि आता उन्हाबद्दलही त्यांची तक्रार होती.

"मिस्टर टिंडल, ती माझ्याकडे रोखून बघते."

"तिचं घरटं आहे तिथं, बाई. पिल्लं नुकतीच बाहेर आलीत."

"त्यांनी दुसरीकडे यायचं होतं. आम्ही तळ्याची वेगळी वर्गणी भरतो."

बाकीचे शिकारी आमिषाला गुरांची फुप्फुसं वापरत. हॉइटला त्याची गरज नसे. तो पाण्याकाठी उकिडवा बसला, ओठ मिटले आणि गळ्यातून आवाज काढू लागला... अंक्... अंक्... अंक्... अडचणीत सापडलेलं मगरीचं पिल्लू आईला अशी हाक मारतं. तळ्यावर एकदम शांतता झाली. पलीकडच्या काठावर मगरीची पिल्लं सुखरूप होती. तिच्या डोक्यावरच चढून बसली होती म्हणा ना. तरी ती त्यांना सोडून निघाली. सगळी पिल्लं जवळ असताना हे हाक मारणारं कुठलं, हा हिशोब आईला जमत नाही. त्या न जमण्यावरच हॉइटचं घर चालत होतं.

ती अगदी पायाशी आल्यावर त्यानं भाला मारला, भाल्याचा दोर ताणला आणि बंदुकीची दारू भरलेली काठी तिच्या मानेवर टेकवून बार काढला. जीव जाताना तिनं भाल्याकडे पाहिलं नाही, दोराकडेही नाही. ती हॉइटच्या गळ्याकडे बघत होती.

गच्च्यांवरून टाळ्या पडल्या. थंड चहाच्या पेल्यांत बर्फ वाजला.

"आणि ही पिल्लं?" क्रॉस्लीबाईंनी विचारलं.

"वीतभर आहेत. चार फुटांची झाली की फोन करा."

तो मगरीला गाडीत चढवत होता, तेव्हा मागं पिल्लं हाका मारत होती. हॉइट सवयीनं गळ्यातल्या गळ्यात त्यांना उत्तर देत होता.

त्याचं घर कालव्याला लागून होतं. घरी बायको रॉन्डा आणि सात वर्षांची ओपल. ओपलचा पुढचा दात नुकताच पडला होता. बापाची कला तिनं उचलली होती आणि बापलेकीचा एक खेळ ठरला होता. तिनं कुठंतरी लपायचं, पिल्लासारखं अंक् अंक् करायचं आणि ओरडायचं, "डॅडी, शोध मला." पडलेल्या दातातून 'शोध'मध्ये बारीक शीळ घुसायची. बापानं असेल तिथून धावत जायचं.

त्या दिवशी जेवायच्या वेळी हॉइट मागच्या ओट्यावर सुऱ्या धूत होता. अंधारून येत होतं. कालव्याकडून ओल्या कुजक्या पाल्याचा वास आला आणि पाठोपाठ आवाज...

"डॅडी... शोध मला..."

शिळेसकट. सुरी टाकून तो धावला आणि अर्ध्या वाटेवर थांबला. स्वयंपाकघराच्या खिडकीत ओपल आईनं सोललेले मक्याचे मऊ दाणे खात बसलेली दिसत होती.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. त्यानं खिडकीत पाहिलं. ओपल आईशी भांडत होती. हाक कालव्याकाठच्या वेतांतून येत होती, अगदी लाडात. धंदेवाईक माणूस तो, त्याला हसूच आलं. ही युक्ती त्याचीच होती की. पाण्याकाठी बसून दुसऱ्याच्या लेकराच्या आवाजात हाक मारायची. फरक एवढाच की हॉइट मगर नव्हता. त्याला हिशोब जमत होता.

पुढच्या संध्याकाळी तो सुऱ्या धूत असताना हाक आली, पण शब्दांत नाही. नुसतंच... अंक्... अंक्... घाईघाईनं, श्वास लागल्यासारखं. पाण्यात काहीतरी आपटत होतं.

'आता मगर हेही शिकली,' हॉइट मनाशी म्हणाला. खिडकीकडे बघायचीसुद्धा त्याला गरज वाटली नाही. पाय जायला बघत होते, म्हणून त्यानं ओट्याचा खांब धरून ठेवला. हाक बारीक होत गेली. मध्येच त्यात एक शीळ आली. मग कालवा गप्प झाला. सुऱ्या पुसून, जिंकल्यासारखा तो आत गेला.

टेबलावर तीन ताटं होती. रॉन्डा एकटीच होती.

"ओपल कुठाय?" तिनंच विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे काय, हॉइट? तूच हाक मारलीस ना तिला? कालव्यावरून. 'ओपल, ये, गंमत दाखवतो' म्हणालास. म्हणून सोडलं मी."

"मी ओट्यावरच होतो..."

"किती वेळ?"

रॉन्डानं त्याच्या ओल्या हातांकडे पाहिलं, मग कोरड्या बुटांकडे.

"तिनं हाक मारली?"

"...हो."

"आणि तू ओट्यावरच होतास."

पाणबुडे आले, कुत्री आली. परवाने देणाऱ्या सरकारी कचेरीनं माणुसकी दाखवली. कालव्यातल्या सगळ्या मगरी मारायचे परवाने एकदम दिले, चार फुटांची अटही काढली. हॉइटनं एकेक फाडून पाहिली. कासवं निघाली, गोल्फचे चेंडू निघाले, कुणाच्या तरी कुत्र्याचा पट्टा निघाला. ओपलचं काही निघालं नाही, चपलेचा बंदसुद्धा नाही.

मगरी संपल्या, तरी संध्याकाळी हाक येतच राहिली. हॉइट काठावर जाऊन उभा राहिला की ती थांबे. परतला की सुरू होई. तो घर विकू म्हणाला. रॉन्डानं ऐकलं नाही. हाकेच्या वेळी ती कालव्याकडची खिडकी उघडे, तीन ताटं मांडे आणि नवऱ्याशी एक शब्दही न बोलता जेवे. हिवाळाभर असंच चाललं.

वसंत लागला, तेव्हा एका संध्याकाळी हाक नेहमीसारखी वेतांतून आली.

"डॅडी... शोध मला..."

हॉइटचा घास हातातच राहिला. काहीतरी वेगळं होतं, आणि काय ते त्याला लगेच कळेना. हाक पुन्हा आली. स्वच्छ, गोल, शीळ नसलेली.

रॉन्डानं मान वर केली. कितीतरी दिवसांनी ती त्याच्याशी बोलली, शेजारच्या बाईला कौतुकानं सांगावं तशी.

"दात आला तिला," ती म्हणाली, आणि तिसऱ्या ताटातले मऊ दाणे काढून तिथं अख्खं कणीस ठेवलं.